उतारशाळा कुठे आहे? दारूतून सुटू पाहणाऱ्यासाठी गट शोधताना

अभ्यासपाठ. शास्त्रभाग : लूक १०:२५-३७ (पाठ सुरू करण्याआधी हा भाग एकाने मोठ्याने वाचावा.)



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. संडेस्कूलमध्ये त्याचे नाटुकले बसवताना याजक आणि लेवी व्हायला कोणी तयार नसते, सगळ्यांना शोमरोनी व्हायचे असते. आणि जखमांना पट्टी बांधून झाली की टाळ्या पडतात. पण दाखला तिथे संपत नाही. शोमरोनी त्या माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, ती रात्र त्याच्याजवळ काढतो, सकाळी रखवालदाराच्या हातावर दोन नाणी ठेवतो, याला सांभाळ म्हणतो, आणखी काही लागले तर परत येताना देईन असा शब्द देऊन आपल्या वाटेला लागतो. ३४ आणि ३५ या दोन वचनांत हे सगळे आहे. आजच्या पाठात आपल्याला एवढ्याच भागापाशी थांबायचे आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. शोमरोन्याने त्या जखमीला आपल्या घरी नेले नाही. आपण एकटेच त्याला पुरे पडू असे त्याने धरले नाही. जिथे माणूस राहू शकतो, बरा होऊ शकतो अशी जागा त्याला माहीत होती, तिथवर त्याने नेले आणि पुढची जबाबदारी दुसऱ्याशी वाटून घेतली. परभणी जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवर दारूने पडलेल्या माणसांसाठी तुम्ही प्रार्थना करता, देणगी पाठवता. तुमच्यापैकी अनेक जण विचारतात, की आमच्या मंडळीतही असा एक भाऊ आहे, त्याला कुठे न्यावे? म्हणजे उतारशाळा कुठे आहे, आणि ती चांगली कशी ओळखावी? हा पाठ त्या प्रश्नासाठी आहे.

आधी दवाखाना

गटाविषयी बोलण्याआधी एक सूचना, कारण यात जीव जाऊ शकतो. जो माणूस वर्षानुवर्षे रोज पितो, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून पहिला घोट घेतो, त्याने दारू एकदम बंद केली तर शरीर उलटते. पहिल्या दिवसातच घाम, कापरे, झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात आणि आपल्यातले काही जण सैतानाचा हल्ला म्हणतात. दोन्ही ठिकाणी माणूस खोलीत कोंडला जातो. खरे तर त्या वेळी त्याला सलाईन, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली शांत करणारे औषध लागते.

म्हणून उज्जीवन सभेत एखाद्याने हात वर करून आजपासून थेंबही घेणार नाही असे ठरवले, तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याच संध्याकाळी विचारा, रोज किती घेता, सकाळी लागते का, पूर्वी सोडताना फिट आली होती का? उत्तर होय असेल तर त्याला परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाकडे न्या. तोवर काही बिघडले तर १०८ ला फोन करा. उपास करायला लावू नका. रिकाम्या पोटी शरीर आणखी ढासळते.

वर्तमानपत्रातल्या त्या जाहिरातींविषयीही सांगतो, 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा. चहात, भाजीत पूड मिसळून देण्याचा सल्ला बायकांना मिळतो. अशा पुडीत कधी डायसल्फिराम असते. ते घेतलेल्या माणसाने वर दारू घेतली तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे असा प्रकार होतो आणि कमजोर हृदयाचा माणूस दगावूही शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. न सांगता कधीच नाही.

सुटणे वेगळे, सुटलेले राहणे वेगळे

दवाखान्यातून दहा-बारा दिवसांनी माणूस घरी येतो. चेहरा उजळलेला, जेवण सुधारलेले. घरचे म्हणतात, सुटली एकदाची. इथेच आपली चूक होते. अंगातून दारू गेली, पण तो ज्या पारावर बसतो तो पार तिथेच आहे. गुत्ता तिथेच आहे. मजुरीचे पैसे शनिवारी संध्याकाळीच मिळतात आणि वाटप गुत्त्याच्या शेजारी होते. पिणारे मित्र गेले की त्याला बोलायला कोणी उरत नाही. बायको आणि आई यांच्याशी बोलावे तर त्यांचे डोळे प्रत्येक वेळी त्याचे तोंड हुंगत असतात. पाळकांशी बोलावे तर त्यांच्यासमोर चांगले दिसावेसे वाटते. 'आज दुपारी फार घ्यावीशी वाटली' हे वाक्य बोलायला त्याला जागाच नसते. मला वाटते, बहुतेकांची परत सुरुवात या न बोललेल्या वाक्यापासून होते.

गट म्हणजे ते वाक्य बोलायची जागा. ऐकणारे स्वतः त्याच खड्ड्यातून आलेले असल्यामुळे त्यांना धक्का बसत नाही आणि ते उपदेशही करत नाहीत.

हे कसे सुरू झाले ती गोष्ट मंडळीच्या लोकांनी जरूर जाणून घ्यावी. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे शेअर बाजारात काम करणारे गृहस्थ अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेले होते. दारू सोडून त्यांना पाचच महिने झाले होते. काम फिसकटले. परक्या गावात हॉटेलच्या मोकळ्या दालनात ते एकटे उभे होते. एका बाजूला बार गजबजलेला, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्यांनी यादीतल्या एका पाळकांना फोन लावला आणि सांगितले, मला माझ्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे. पाळकांनी त्यांना काही नावे सांगितली. त्यातून ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले आणि बाईंनी गावातल्या डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकांशी गाठ घालून दिली. डॉक्टर स्वतः अट्टल पिणारे. पंधरा मिनिटे बसेन म्हणून आले आणि सहा तास बसले. १० जून १९३५ ला डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., तो दिवस आपला स्थापना दिवस मानते. भारतात ही चळवळ १९५७ पासून आहे.

त्या पाळकांनी केले काय? फोन उचलला आणि योग्य माणसांची नावे दिली. पुढे जे घडले ते दोन पिणाऱ्यांमध्ये घडले. शोमरोन्याच्या कामातला उतारशाळेपर्यंतचा भाग त्यांनी केला, आणि आपल्या मंडळ्यांकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

याने खरेच उपयोग होतो का, असे आमचे शंकेखोर वाचक विचारतील. विचारावेच. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यांत १०,५६५ माणसे होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांइतकेच किंवा त्यांहून थोडे सरस ठरले. सगळ्यांनाच ते लागू पडते असे त्यातून निघत नाही. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीविषयी हे काही कमी नाही, विशेषतः आपल्या देशात. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कुठली ना कुठली मदत मिळाल्याचे दिसले. बाकीचे ३७ रस्त्याच्या कडेलाच.

शोध कसा घ्यावा

शोध दवाखान्यापासूनच सुरू करावा. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांना विचारा, इथून सुटलेली माणसे पुढे कुठे जमतात? बरे झालेली माणसे अधूनमधून औषधाला तिथेच येतात, त्यामुळे ठिकाण, वार आणि वेळ त्यांच्याकडून ताजी कळते. कागदावर छापलेली यादी जुनी झालेली असते. त्याखेरीज १४४४६ ही केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची फुकट हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ ही टेली-मानसची, तिथे मराठीतही बोलता येते. फोन आपण लावून द्यावा, पण बोलू त्यालाच द्यावे.

पुण्याचे मुक्तांगण अनेकांना ठाऊक आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्याला होती. अशा केंद्रात राहून आलेल्या माणसाने तिथून निघतानाच विचारावे, की माझ्या जिल्ह्याकडचा तुमचा कोणी जुना मित्र आहे का? महिनाभर पुण्यात राहून आलेला जिंतूर तालुक्यातला माणूस एस.टी.तून उतरतो तेव्हा त्याला पुण्याचा पत्ता कामाचा नसतो. त्याला गंगाखेडचा, पूर्णेचा, सेलूचा एखादा माणूस हवा असतो.

आता 'योग्य' गट म्हणजे काय? याबाबतीत माझा अनुभव पुस्तकांपेक्षा थोडा वेगळा आहे. पुस्तके पद्धतीविषयी बोलतात. मी आधी शेवटची एस.टी. किती वाजता आहे ते पाहतो. जिंतूर ते परभणी चाळीसेक किलोमीटर. त्यापुढे वाडीपर्यंत जीप, मग पायी. संध्याकाळी सात ते साडेआठ भरणारा उत्तम गट त्या माणसाच्या काही कामाचा नाही, कारण तो पहिल्या आठवड्यात जाईल, दुसऱ्या आठवड्यात स्टँडवर रात्र काढेल आणि तिसऱ्या आठवड्यात जाणार नाही. त्यापेक्षा रविवारी दुपारी भरणारा, चार माणसांचा साधा गट बरा. सुरुवातीच्या तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी, जमल्यास दोनदा जाता आले पाहिजे. गट आठवडी बाजाराच्या गावी असेल तर येण्याजाण्याची सोय होते, पण बाजाराच्या दिवशीच गुत्ताही जोरात असतो. तेव्हा सोबत कोणी तरी हवे.

भाषाही पाहावी. मोठ्या शहरातल्या काही गटांत निम्मे बोलणे इंग्रजी-हिंदीत होते. आमच्याकडचा आंध समाजातला गडी तिथे कोपऱ्यात हात जोडून बसतो. त्याच्या बोलण्याला कोणी हसत नाही, पण तो बोलतच नाही. एका मामांनी मला परत येताना सांगितले, "लोकं चांगली हायेत हो, पर मी तिथं पाव्हणाच." पाहुणा म्हणून गेलेला माणूस घरचे दुखणे सांगत नाही. मामांना पुढे एका तालुक्याच्या गावी गॅरेजवाले, हमाल, एक निवृत्त शिपाई अशांचा गट मिळाला तेव्हा ते बोलू लागले.

पहिल्या भेटीत एवढे पाहून घ्या : पैसे मागतात का? ए.ए.ला प्रवेश फी नाही, वर्गणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत सदस्यच खुशीने टाकतात आणि बाहेरच्यांची देणगी ते घेतही नाहीत. (तुम्हा देणगीदारांना हे वाचून नवल वाटेल.) काही वर्षे न पिता काढलेली माणसे तिथे आहेत का, की सगळेच नवे? इथले बोलणे इथेच राहते का? आणि डॉक्टरची गोळी चालू असेल तर ती बंद कर असे कोणी सांगते का? सांगत असेल तर तिथून उठावे, मग ते सांगणारा कितीही प्रार्थनाशील असो. ए.ए.च्या काही सभा खुल्या असतात, तिथे पाळकांना, घरच्यांना जाता येते. काही बंद असतात, फक्त पिणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा खुल्या सभेला सोबत जाऊन मागच्या खुर्चीवर गप्प बसावे. बंद सभेच्या वेळी बाहेर चहाच्या टपरीवर थांबावे.

गट आणि केंद्र यांत गल्लत करू नका. गटात माणूस दीड तास बसतो आणि घरी येतो. केंद्रात त्याला दाखल करून ठेवतात, आणि तिथे कायदा लागू होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक विकारही मानसिक आजारात मोडतात, अशा रुग्णांना ठेवणाऱ्या आस्थापनेची नोंदणी लागते, आणि रुग्णाला साखळीने बांधणे सरळ बेकायदा आहे. मराठवाड्याबाहेरच्या एका खाजगी केंद्रातून परत आलेल्या तरुणाच्या घोट्यावर मी वण पाहिले आहेत. त्याच्या वडिलांनी त्यासाठी बैल विकला होता. नोंदणीचा कागद दाखवा म्हणायला लाजू नये, आणि घरच्यांना भेटू न देणाऱ्या जागी माणूस ठेवू नये.

विश्वासणाऱ्याने तिथे जावे का?

हा प्रश्न प्रत्येक मंडळीत येतो. गटात देवाविषयी बोलतात, पण ज्याला जसा समजला तसा देव असे म्हणतात. शेजारच्या खुर्चीवर विठ्ठलाचा वारकरी असतो, पलीकडे नमाज पढणारा, पलीकडे कशालाच न मानणारा. मग आपल्या माणसाचा विश्वास पातळ होणार नाही का?

मी याचे उत्तर पुन्हा दाखल्यातूनच देतो. त्या उतारशाळेचा रखवालदार कोणत्या धर्माचा होता हे प्रभूने सांगितलेले नाही. आणि मदत करणारा तर ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने चुकीच्याच डोंगरावर उपासना करणारा होता. जखमीला त्याचा काही तोटा झाला नाही. आपला भाऊ रविवारी सकाळी उपासनेला येतो, दुपारी गटात जातो. उपासनेत त्याला ख्रिस्त भेटतो, गटात त्याला स्वतःचे खरे तोंड पाहावे लागते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपले पाप एकमेकांजवळ कबूल करण्याची आज्ञा आहे, आणि आपण मंडळीत ती किती पाळतो हे आपल्याला ठाऊक आहे. गटातल्या त्या वारकऱ्याने ती माझ्यापेक्षा चांगली पाळलेली मी पाहिली आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. काही कार्यकर्ते विचारतात, आपल्या प्रार्थनागृहातच गट सुरू करू या की, जागा आहे, सतरंजी आहे. शहरात, ख्रिस्ती वस्तीत ते चालेल, जगभर ए.ए.च्या कित्येक सभा चर्चच्या खोल्यांतच भरतात. पण आदिवासी वाडीवर माझा त्याला विरोध आहे. दारू सोडायला आलेला माणूस धर्म बदलायला आला असे दुसऱ्याच दिवशी गावात बोलले जाते, त्याचे भाऊबंद त्याला अडवतात, आणि ज्याला दारू सोडायची होती तो मुकतो. शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर, ग्रामपंचायतीची खोली, काही नाही तर लिंबाखालची जागा घ्यावी. आपण सतरंजी पुरवावी आणि आपला फलक लावू नये.

जवळ गटच नसेल तर

ए.ए.च्या परंपरेत दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसे त्यासाठी एकत्र बसली की तो गट होतो. नोंदणी लागत नाही, अध्यक्ष लागत नाही, उद्घाटन तर नकोच. म्हणून वाडीवरच्या पहिल्या माणसाला शहरातल्या गटात काही महिने जाऊ द्यावे, तिथल्या जुन्या सदस्याशी त्याचे सूत जुळू द्यावे, आणि मग वाडीवरचा दुसरा माणूस त्याच्याकडे आला की दोघांनी बसावे. त्यात समाजसेवकाने मध्ये बसू नये. मी बसलो की ते माझ्याकडे बघून बोलतात.

गडचिरोलीकडून इथे शिकण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून तिथे मुक्तिपथ हे काम चालते. माणसाने जिल्ह्याच्या गावी जावे म्हणून वाट पाहण्याऐवजी तालुक्याला दवाखाना आणि गावात उपचाराचे शिबिर, सोबत गावातल्याच बायका-पुरुषांची संघटना. जंगलातल्या गावाला जे जमते ते येलदरीच्या आसपासच्या वाड्यांना जमायला हरकत नाही.

ऊसतोडीचा प्रश्न मात्र आमचा स्वतःचा आहे. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परतते. चार महिने गटात बसलेला माणूस पाच-सहा महिने खोपीत राहतो, थंडीत पहाटे कोयता हाती घेतो, आणि थंडीवर उपाय म्हणून बाटली पुढे येते. यासाठी निघण्याआधीच तयारी लागते. टोळी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्यावर जाणार ते विचारून तिथल्या गटाची चौकशी करावी. गटातल्या एका जुन्या मित्राचा नंबर त्याच्या आणि त्याच्या बायकोच्याही फोनमध्ये घालून द्यावा, आणि आठवड्यातून एक वार फोनचा ठरवावा. उचलीतला काही भाग बायकोच्या खात्यावर जाईल असे मुकादमाशी बोलून पाहावे. बहुतेक मुकादम ऐकत नाहीत. एखादा ऐकतो.

बायकांचे काय

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी वेगळा गट असतो. अल-अनॉन नावाने तो १९५१ साली बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी सुरू केला. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' आहे. आपल्या महिला मंडळांत दारुड्या नवऱ्याच्या बायकोला सहन कर, प्रार्थना कर, एवढेच सांगितले जाते. मार खाणाऱ्या बाईला हे सांगणे मला मान्य नाही. तिला आधी सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत हवी. पण ज्या घरात मारहाण नाही तिथेही बाई आतून थकलेली असते : बाटल्या शोधणे, उधारी फेडणे, पोरांशी खोटे बोलणे. नवरा गटात जायला तयार नसला तरी ती तिच्या गटात जाऊ शकते, आणि बरेचदा तिच्यानंतर तो येतो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बाईला अर्धे तिकीट आहे, हेही आम्ही आता वाडीवर सांगतो.

ज्या बाया स्वतः पितात त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. हातभट्टी गाळणाऱ्या घरात चव बघता बघता लागलेली असते. पुरुषांच्या गटात त्यांना पाठवू नये. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंशी गाठ घालून द्यावी, आणि दुसरी बाई मिळेपर्यंत ताईंनाच भेटत राहू द्यावे.

साक्ष आणि फोटो

आता तुमच्याशी, म्हणजे वर्गणीदारांशी, थोडे स्पष्ट बोलतो. तुम्हाला बदललेल्या माणसाचा फोटो आवडतो, आधीचा आणि नंतरचा. मंडळीलाही तीन आठवडे न प्यायलेल्या भावाला वेदीजवळ उभे करून साक्ष द्यायला लावणे आवडते. हेतू चांगला असतो, पण परिणाम बरेचदा वाईट होतो. तीन आठवड्यांच्या माणसाला सगळ्या मंडळीसमोर 'सुटलेला' ठरवले की पुढच्या महिन्यात पाय घसरल्यावर तो येणार कुठे? ज्या दारातून टाळ्या घेऊन बाहेर पडला त्याच दारातून तोंड लपवून आत येणे त्याला जमत नाही. ए.ए.तील अनामिकतेला हेच कारण आहे. म्हणून या पाठासोबत कोणाचा फोटो नाही, नाव नाही, वाडीचे नावही नाही. एक वर्ष झाल्यावर त्याने आपणहून बोलायचे ठरवले तर जरूर ऐकू.

प्रभुभोजनाविषयीही पंचांनी एकदा बसून ठरवावे. प्याल्यात आंबवलेला द्राक्षारस असेल तर या भावाने काय करावे? न आंबणारा द्राक्षरस १८६९ साली थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने प्रभुभोजनासाठीच तयार केला, म्हणजे प्रश्न नवा नाही. ज्या मंडळ्या अजून वाइन वापरतात त्यांनी एका भावासाठी सगळ्यांचा प्याला बदलावा असे माझे मत आहे. त्याला एकट्याला वेगळा पेला दिला तर सगळ्यांना कळतेच.

दोन नाणी आणि 'आणखी काही लागले तर'

त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळते. म्हणजे शोमरोन्याने दोन दिवसांची मजुरी दिली आणि पुढच्या खर्चाचा आकडा न ठरवता शब्द दिला. घसरलेल्या माणसाविषयी शास्त्रात याहून व्यवहारी वचन मला माहीत नाही. बहुतेक जण एकदा तरी परत पितात. त्या वेळी घरचे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. देणगीदार म्हणतात, दुसऱ्या कोणाला घ्या. गटातले लोक मात्र म्हणतात, उद्या ये. आमच्या हिशेबात आता 'परत' नावाचे एक कलम असावे असा माझा आग्रह आहे : दुसऱ्यांदा दवाखान्यात नेण्याचा जीपखर्च, परत तीन महिन्यांचे एस.टी.चे भाडे, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. तुमच्या दानातला काही भाग त्यात जाईल. त्याचा अहवाल छान दिसणार नाही.

ज्यांना पैशांऐवजी वेळ देता येईल त्यांनी परभणी, जिंतूर, गंगाखेड किंवा पूर्णा इथे राहत असल्यास एवढे करावे : वाडीवरून आलेल्या माणसाला स्टँडवर भेटावे, गटाच्या दारापर्यंत न्यावे, दीड तास बाहेर थांबावे आणि परतीच्या गाडीत बसवून द्यावे. आत काय झाले ते विचारू नये.

गटात चर्चेसाठी

शोमरोन्याने परत येण्याचा शब्द दिला. आपल्या मंडळीतून व्यसनामुळे दूर गेलेल्या कोणा एकाकडे आपण शेवटचे कधी गेलो होतो, आणि काय बोललो होतो? (नाव न घेता सांगा.)

आपल्या गावापासून जवळचा गट कोणत्या वारी, किती वाजता भरतो, आणि तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे? पुढच्या पाठाआधी दोघांनी जाऊन हे पाहून यावे आणि प्रार्थनागृहाच्या फळ्यावर फक्त वार, वेळ आणि गाडीची वेळ लिहून ठेवावी.